भेगेवरची काच

अक्काच्या फ्रिजवर मकरंद उरुणकरचं नाव दिसलं, तेव्हा मी चहाचा पहिला घोट घेतला होता. तो कसाबसा गिळला आणि कप खाली ठेवला.

स्पायरल बाइंडिंग केलेलं बाड होतं. वर पारदर्शक प्लॅस्टिक, आत ठळक अक्षरांत ‘घर तपासणी अहवाल’ आणि खाली त्याचं नाव, पदवीसकट. पदवी कसली, डिप्लोमाच. माझ्याच वर्गातला.

“अक्का, हे काय आहे?”

“कुठलं रे?” अक्का पोळपाटावर वाकली होती. कुठलं ते तिला चांगलं ठाऊक होतं, नाहीतर तिनं वळून बघितलं असतं.

“हे. मक्याचं बाड.”

“ते व्हय. त्या लाटकर सरांच्या घराचं. म्हटलं, घ्यायच्या आधी एकदा दाखवून घ्यावं.”

“मक्याला?”

“हं.”

“किती घेतले?”

अक्कानं चपाती तव्यावर टाकली, फडक्यानं कडा दाबल्या, उलटली. मग म्हणाली, “नऊ हजार.”

सोळा वर्षं झाली या गोष्टीला. पण तो आकडा तिनं ज्या आवाजात सांगितला तो आवाज अजून माझ्या कानात आहे. तिला लाज वाटत नव्हती. मला लागेल म्हणून ती हळू बोलली होती, आणि त्यामुळेच मला जास्त लागलं.

माझा धंदा काय ते आधी सांगतो. जुनं घर विकत घ्यायचं म्हटलं की लोक पैसे मोजण्याआधी एखाद्या माहितगाराला नेऊन दाखवतात. भिंती, स्लॅब, गळती, वायरिंग, सगळं तो बघतो आणि घ्या किंवा घेऊ नका म्हणून सांगतो. कोल्हापुरात तेव्हा हे काम पोटापाण्यासाठी करणारे आम्ही दोघंच, मी आणि मकरंद. मी त्याच्या आधी सहा वर्षं सुरू केलं होतं. पॉलिटेक्निकला असताना सर्व्हेची वही माझी उतरवून तो पास झाला होता, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

फी मी गिऱ्हाइकाच्या पायाकडे बघून सांगायचो. झिजलेली चप्पल असली तर हजार, बूट असले तर दोन. शिवाय माझा एक नियम होता आणि त्याचा मला फार अभिमान होता. घरात काही दोष सापडला नाही, तर फी निम्मी. काहीच सापडलं नसताना पुरते पैसे घ्यायला माझा हात पुढे व्हायचा नाही. लोक म्हणायचे, शेटेसाहेब म्हणजे देवमाणूस. तशी निम्मी फी घ्यायची वेळ माझ्यावर क्वचितच आली. प्रत्येक घरात मला काही ना काही सापडायचंच, इतकी माझी नजर तयार होती.

मकरंदचं सगळं उलटं. तो फोनवरच विचारायचा, घर किती जुनं, किती चौरस फूट, गच्ची आहे का, किती खेपा लागतील. मग आकडा सांगायचा आणि गप्प बसायचा. निम्मे पैसे आधी, निम्मे अहवाल हातात देताना. दोष निघो न निघो, एक रुपया कमी नाही. कुणी घासाघीस केली की म्हणायचा, “मग दिगंबर शेट्यांना विचारा की. चांगला माणूस आहे.” हे मला लोकांनी घरी येऊन सांगितलं. माझी शिफारस करतो! ते ऐकून मी दोन दिवस जेवलो नाही.

आणि आता माझी सख्खी बहीण.

“मी काय मेलो होतो?” मी म्हटलं.

“असं बोलू नये दिगू.”

“सख्खा भाऊ याच धंद्यात आहे, गल्लीच्या टोकाला राहतो, एक पैसा घेतला नसता. आणि तू त्या मक्याला नऊ हजार मोजलेस. लोक काय म्हणतील?”

“लोकांना कोण सांगायला गेलंय?”

“तोच सांगेल की! शेट्याची बहीण माझ्याकडं आली म्हणून सांगत फिरेल.”

“तो कशाला सांगेल,” अक्का म्हणाली. तेही मला आवडलं नाही. त्याच्याबद्दल तिला एवढी खात्री असायचं काही कारण नव्हतं.

तेवढ्यात दाजी आले. माझे मेव्हणे एसटीच्या वर्कशॉपमधून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. आवाज मोठा, मन मोकळं, आणि राग आला की समोर कोण आहे ते बघायचं नाही. शिवाजी पेठेतल्या दोन भाड्याच्या खोल्यांत या दोघांची एकतीस वर्षं गेली होती. मोरीत एकावेळी एकानंच उभं राहायचं, पाहुणा आला की दाजींनी कट्ट्यावर झोपायचं. आता घरमालकाच्या मुलाला जागा हवी होती आणि त्यानं पाडव्यापर्यंतची मुदत दिली होती. दाजींचा फंड, अक्काच्या मोडलेल्या पाटल्यांचे पैसे, सगळं जमवून त्यांनी लाटकर सरांचं घर ठरवलं होतं. लाटकर सर मुलाकडे बेंगळुरूला कायमचे निघालेले. सोमवारी दस्त होता. सोमवारी झाला नाही तर मागे दुसरं गिऱ्हाईक उभंच होतं, ते जास्त द्यायला तयार होतं.

“काय मेव्हणं, तोंड का असं?” दाजींनी विचारलं.

“काय नाही. उद्या मी बघून येतो म्हणतोय घर.”

“झालंय की बघून,” अक्का पटकन म्हणाली.

“बघू दे की त्याला,” दाजी म्हणाले. “दुसरं मत फुकटात मिळतंय, आपलं काय जातंय? सकाळी नऊला जाऊ.”

अक्कानं माझा गार झालेला चहा मोरीत ओतला आणि दुसरा ठेवला.

ते बाड मी घरी नेलं आणि दुपारभर वाचलं. चूक शोधायला वाचत होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. चूक नव्हती. उलट शेवटी एक अख्खं पान होतं, ‘जे पाहता आले नाही’ म्हणून. टाकीच्या मागची भिंत, फरशीखालचे पाइप, असलं काय काय. मला तर हसूच आलं. जे बघितलं नाही ते लिहून द्यायचं आणि वर नऊ हजार घ्यायचे! हसता हसता मी थांबलो, कारण असं पान आपण कधीच लिहिलेलं नाही हे माझ्या ध्यानात आलं.

बाविसाव्या पानावर जिन्याची भेग होती. जिन्याच्या भिंतीवर हातभर लांबीची तिरकी भेग. अशी भेग दिसली की विचार एकच करायचा असतो, ती जुनी होऊन थांबलेली आहे की अजून वाढते आहे. थांबलेली असली तर पुट्टी भरायची आणि विसरून जायचं. वाढत असली तर पाया खचतोय, त्या घराच्या वाटेला जायचं नाही. हे ओळखायची जुनी पद्धत आहे. भेगेवर पातळ काचेची पट्टी आडवी चिकटवायची आणि बाजूला तारीख टाकायची. भिंत केसभर जरी हलली तरी काच तुटते. मकरंदनं काच लावली होती आणि तीन आठवड्यांत चार खेपा घालून ती बघितली होती. खाली लिहिलं होतं, ‘काच अखंड. भेग जुनी व स्थिर. घर घेण्यास हरकत नाही.’

मी असतो तर भेगेवर बोट फिरवून पाच मिनिटांत निकाल दिला असता. चार खेपा कोण घालणार, हजार रुपयांत?

रविवारी सकाळी आम्ही तिघं गेलो. फुलेवाडीच्या पुढं, आतल्या रस्त्याला ते घर. पुढं दोन खोल्या, मागं स्वयंपाकघर, वर गच्ची. दारात अबोलीची चार झाडं. अक्का चप्पल काढताना त्या झाडांकडे अशी बघत होती की जणू ती तिचीच होती. लाटकर सरांनी दार उघडलं. चित्रकला शिकवायचे ते, आवाज अगदी मऊ.

“परत तपासणी?” त्यांनी विचारलं.

“आमचा मेव्हणा आहे. तोही इंजिनिअर,” दाजी म्हणाले. “बघून घेऊ दे त्याला. त्याच्या जिवाला बरं वाटेल.”

मी पिशवीतून माझी छोटी हातोडी आणि निळा खडू काढला. माझी पद्धत अशी होती की प्लास्टरवर हातोडीची मूठ ठोकत जायचं. आवाज भरीव आला तर पुढं, पोकळ आला तर तिथं खडूनं फुली मारायची. शेवटी फुल्या मोजून दाखवल्या की गिऱ्हाइकाला आपल्या पैशाचं चीज झाल्यासारखं वाटायचं.

दोन तास ठोकलं. पुढची खोली, मधली, मोरी, गच्चीचा कठडा. वाकून नळ बघितले, स्टुलावर चढून स्लॅब बघितला. दोन फुल्या, त्याही सज्ज्याच्या कोपऱ्यात, असल्या की ज्या कुणाला दाखवायच्याही लायकीच्या नव्हत्या. घर चांगलं होतं. आज मी हे सरळ लिहितो, पण त्या दिवशी प्रत्येक भरीव आवाजाबरोबर माझा जळफळाट वाढत होता. बहिणीचं घर चांगलं निघतंय याचा मला राग येत होता.

शेवटी जिना राहिला. दाजी आणि लाटकर सर पुढच्या खोलीत दस्ताचं बोलत बसले होते. अक्का स्वयंपाकघरात होती, कट्ट्यावर तिचा डबा कुठं मावेल ते बघत होती. मी एकटाच होतो.

भेग होती, तिच्यावर काच होती. पट्टीच्या बाजूला मकरंदच्या सुबक अक्षरात तारीख. वर्गात त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं, तेवढं एकच होतं. मी भेगेच्या शेजारी ठोकलं. भरीव. अजून जवळ ठोकलं, जरा जोरात. भरीव. इतक्या जवळ ठोकायचं नसतं हे कुठल्याही नवख्यालाही कळतं. मला कळत होतं. मी काचेच्या वरच्या कोपऱ्याजवळ खडूनं एक फुली मारली, तिथं काही नसताना, आणि हातोडी फिरवून लोखंडी बाजूनं तिच्यावर ठोकलं.

काच तडकली. वरच्या कोपऱ्यातून तिरका तडा गेला आणि एक छोटा तुकडा पायरीवर पडला. आवाज झाला, फार मोठा नाही.

मी तसाच उभा राहिलो. खरं बोलून टाकायला त्या वेळी एक क्षण होता. हाक मारून ‘अगं, माझ्याकडून काच फुटली’ म्हटलं असतं तर दाजींनी चार शिव्या दिल्या असत्या, विषय संपला असता. मी हाकही मारली.

“दाजी! अक्का! इकडं या जरा.”

सगळे आले. मी हातोडी पिशवीत टाकली होती.

“ही काच बघा,” मी म्हटलं. “तुटलीये.”

दाजींचा चेहरा उतरला. त्यांनी अहवाल वाचला होता, काच तुटण्याचा अर्थ त्यांना माहीत होता.

“अहो पण काल संध्याकाळी धड होती,” लाटकर सर म्हणाले. “मी रोज बघतो. दिवा लावायला वर जाताना माझी नजर जातेच.”

“काल धड होती आणि आज तुटली,” मी म्हटलं, “म्हणजे रात्रीतून भिंत हलली.”

हे वाक्य मी बोललो. कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप आलं.

अक्का मटकन पायरीवर बसली. “म्हणजे घर पडणार?”

“पडणार असं नाही. पण मी असतो तर घेतलं नसतं.”

“अरे देवा,” ती म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. मी काचेकडे बघत राहिलो.

दाजींनी तिथल्या तिथं मकरंदला फोन लावला. “नऊ हजार घेतलेस ना? मग आत्ताच्या आत्ता इथं ये,” ते इतकं ओरडले की शेजारची बाई खिडकीत आली. माझ्या छातीत गुदगुल्या झाल्या. मकरंद उरुणकरला कुणीतरी असं ओरडतंय हे ऐकण्यासाठी मी किती वर्षं थांबलो होतो!

वीस मिनिटांत तो स्कूटरवरून आला. रविवार असून इस्त्रीचा पांढरा शर्ट. दारात बूट काढले, सगळ्यांना नमस्कार केला, मला “काय दिगू” म्हटलं आणि सरळ जिन्याकडे गेला. खिशातून भिंग काढून बराच वेळ बघत बसला. पायरीवरचा तुकडा उचलून तळहातावर घेतला.

“काय म्हणतोय तुझा अहवाल?” मी विचारलं. “स्थिर, नाही का?”

त्यानं ते ऐकलंच नाही. थोड्या वेळानं तो दाजींना म्हणाला, “भिंत हलली असती, तर काच भेगेच्या रेषेत तुटली असती. ही वरच्या कोपऱ्यातून तुटलीये, भेगेपासून लांब. काहीतरी लागलंय काचेला बाहेरून.”

“लागलंय म्हणजे?”

“धक्का. कुणाचा तरी.” असं म्हणताना तो कुणाकडेच बघत नव्हता. “कुणाचा हात, काही वस्तू लागली का इथं?”

काचेपासून दोन बोटांवर माझी निळी फुली होती. ती दाजींना दिसत होती, लाटकर सरांना दिसत होती, फक्त तिचा अर्थ त्यांना माहीत नव्हता. मकरंदला माहीत होता. आता तो बोलणार आणि या सगळ्यांसमोर मी उघडा पडणार. उद्यापासून कोल्हापुरात मला कुणी दारात उभं करणार नाही. मी पिशवीचं तोंड घट्ट आवळून धरलं.

“माझा लागला,” अक्का म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

“मघाशी जिन्यावर धूळ होती म्हणून फडकं मारलं मी. तेव्हा लागलं असेल. मला काय माहीत ती काच एवढी महत्त्वाची म्हणून.”

“तुला काय माहीत?” दाजी कडाडले. “बाविसाव्या पानावर लिहिलंय ते वाचून दाखवलं नाही मी तुला? अक्कल गहाण ठेवलीस काय? इथं माझा जीव जायची वेळ आली आणि ही बाई फडकी मारत फिरते! परक्याच्या घरात पुसापुशी कुणी सांगितली होती? आणि मघापासून मुकाट बसलीयेस ती?”

ते बोलतच राहिले. एकतीस वर्षांची भाड्याची खोली त्यांच्या तोंडून बाहेर पडत होती. लाटकर सर अवघडून खाली बघत होते, शेजारची बाई खिडकीतून हलत नव्हती. अक्का पदराचं टोक हातात घेऊन सगळं ऐकत होती. स्वयंपाकघरातून ती एकदाही बाहेर आली नव्हती, तिच्या हातात फडकं नव्हतं, हे सगळं मला ठाऊक होतं. मी तिच्यापासून चार हातांवर उभा होतो आणि काही बोललो नाही.

“जाऊ द्या दाजी,” मकरंद म्हणाला. “तीन आठवडे टिकली तेवढी पुरे आहे. भिंतीला काही झालेलं नाही. उद्या दस्त करा.”

“परत काच लावायला लागेल का? त्याचे किती?” अक्कानं विचारलं.

“काही लागत नाही, अक्का.”

बोलता बोलता त्यानं भिंतीवर हात टेकला आणि अंगठ्यानं माझी निळी फुली पुसून टाकली. मग बूट घातले आणि गेला.

दाजी लाटकर सरांबरोबर कागद बघायला आत गेले, तेव्हा मी अंगणात अक्काजवळ गेलो. ती अबोलीच्या झाडाशी उभी होती.

“अक्का,” मी म्हटलं.

“ऐकलं मी आतून,” ती म्हणाली. “ठोकलेलं पण ऐकलं आणि फुटलेलं पण. काय फुटलं ते मकरंद बोलला तेव्हा ध्यानात आलं. नवीन काही सांगू नकोस.”

“मग दाजींना का नाही सांगितलंस?”

“सांगून काय झालं असतं? त्यांनी तुला परत या दारात उभं केलं असतं का? मला घर पण पाहिजे आणि माझ्या घरात माझा भाऊ पण पाहिजे. दोन शिव्या खाल्ल्या, त्यात काय. मला नवीन आहेत काय त्या?”

मला रडू आलं. तिनं इकडं तिकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, “काल विचारत होतास ना, नऊ हजार का दिले म्हणून. तुला काही सापडलं नाही तर निम्मेच पैसे मिळतात. तू स्वतःच सांगतोस, मोठेपणानं. मग तुला सापडावंसंच वाटणार की. आणि माझ्याकडनं तर तू काहीच घेतलं नसतंस. मग उलट झालं असतं, अक्काचं घर म्हणून काहीच वाईट दिसू नये असं तुला वाटलं असतं. मला दोन्ही नको होतं. माझ्या घराचं काहीच वाटत नाही असा माणूस मला पाहिजे होता. तो नऊ हजारांना मिळाला.”

“मला हे आधी का नाही सांगितलंस?”

“तुला वाईट वाटेल म्हणून,” ती म्हणाली.

त्या आठवड्यापासून मी गिऱ्हाइकाच्या चपलांकडे बघायचं सोडलं. घर किती जुनं, किती मोठं, किती खेपा पडतील, हे फोनवर विचारून आकडा सांगायला लागलो. निम्मे आधी, दोष निघो न निघो. पहिल्या गिऱ्हाइकानं विचारलं, “काही निघालंच नाही तर कशाचे पैसे?” मी म्हटलं, “काही निघालं नाही हे छातीवर हात ठेवून सांगायचे.” तो माणूस परत आला नाही. पहिले चार महिने कुणीच येत नव्हतं. मकरंदकडे रांग होती आणि माझा जळफळाट काही एका दिवसात विझला नाही, उगाच मोठेपणा कशाला सांगू.

वैशाखात वास्तुशांत झाली. दस्त व्यवस्थित झाला होता, पाडव्याच्या आत सामान आलं होतं. अंगणात मांडव, साठ-सत्तर माणसं, पंगती. दुसऱ्या पंगतीत मी बसलो आणि शेजारच्या पाटावर दाजींनी मकरंदला आणून बसवलं. अक्का मठ्ठा वाढत होती.

दाजी रंगात आले होते. प्रत्येक पंगतीला त्यांनी एकच गोष्ट सांगायची असं ठरवलं होतं. “आमच्या मंडळींची करामत ऐकलीत काय? घर घ्यायच्या आधीच फोडायला सुरुवात! त्या जिन्यावरची काच हिनं फडकं मारून फोडली आणि मला तिथंच झटका यायचा बाकी राहिला. ज्या काचेवर सगळ्या घराचा निकाल, तीच नेमकी!” लोक हसत होते. अक्काही हसत होती, पण मठ्ठ्याचं भांडं तिनं दुसऱ्या हातात घेतलं. ती मांडवाच्या त्या टोकाला जाऊन वाढायला लागली.

हे असंच चालणार हे मला दिसलं. प्रत्येक दिवाळीला, प्रत्येक पाहुण्यासमोर, दाजी जिवंत असेपर्यंत. मी हातातला घास खाली ठेवला.

“दाजी,” मी मोठ्यानं म्हटलं, “काच अक्कानं नाही फोडली. मी फोडली.”

मकरंदनं मान वळवून माझ्याकडे बघितलं.

“मी फोडली,” मी परत म्हटलं. “हातोडीनं. मुद्दाम.”

दाजी एवढ्या जोरात हसले की मांडवाबाहेरची माणसं वळली. “मुद्दाम! ऐका! बहिणीला कुणी हसलेलं याला बघवत नाही! सगळा आळ स्वतःवर घेतोय!” त्यांनी येऊन माझ्या खांद्यावर हात टाकला. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. “लहानपणापासून असाच आहे तो. अक्का म्हणजे त्याचा जीव.”

“दाजी, खरंच सांगतोय मी—”

“कळलं रे बाबा, कळलं. नाही सांगत परत ती गोष्ट. शपथ!”

समोरच्या पाटावरची एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, “भाऊ असावा तर असा.” तिच्या शेजारणीनं मान डोलावली. पंगतीत सगळीकडे तेच सुरू झालं. अक्का मांडवाच्या टोकाला भांडं घेऊन उभी होती. ती माझ्याकडे बघत होती.

“ऐकलंस मकरंद?” दाजी त्याला म्हणाले. “तू घे नऊ हजार नाहीतर नव्वद. असला माणूस तुझ्यात नाही.”

मकरंदनं पानातला भात कालवला. “नाही, दाजी,” तो म्हणाला. “दिगूच मोठा.”

मकरंद उरुणकरपेक्षा मी सरस आहे असं चारचौघांत, त्याच्या तोंडावर, कुणीतरी म्हणावं याची मी वीस वर्षं वाट बघत होतो. तसं कुणी म्हटलं ते तेवढं एकदाच.